तीन झाकणं मीठपाणी

मार्चमधला एक रविवार, दुपारची वेळ. रक्कम म्हणाल तर दोन मिलिलिटर मीठपाणी. हजर — आबा, आई आणि मी. आबांचा उजवा तळहात माझ्यासमोर पसरलेला होता आणि त्याच्या खळग्यात पाण्याचं एक लहानसं तळं थरथरत होतं. तळहाताच्या रेषांमध्ये आधीचं मीठ वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, बोटांची पेरं कच्च्या केळीच्या चिकानं काळी पडली होती. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण त्यांच्या करंगळीखाली धरलं आणि म्हटलं, "आबा, चाटू नका. यात ओता."

आबांनी आईकडे पाहिलं. आई कढईपाशी झारा धरून उभी होती. 

आबा म्हणजे माझे वडील. यावलच्या बस स्टँडबाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली, आमची केळीच्या वेफर्सची गाडी होती. आबा मूळचे धुळ्याकडचे. लग्नानंतर सासुरवाडीच्या गावी येऊन राहिले, पण बोली तिकडचीच राहिली. सकाळी बागेतून कच्च्या केळीचे घड येत — हिरवेगार, देठाशी अजून ओल धरलेले — आणि मागोमाग तो वास येई, तुरट आणि थंड, ओल्या पानाचा आणि चिकाचा, जो आजही बाजारात केळीच्या ढिगाजवळून जाताना मला क्षणभर थांबवतो. आई केळी सोले, आबा किसणी थेट कढईवर धरत, आणि पातळ चकत्या एकेक करून उकळत्या तेलात पडत. तेलाचा आवाज आधी मोठा असे, मग चकत्यांतलं पाणी उडून जाई तसतसा बारीक होत जाई. तो बरोब्बर एका ठिकाणी आला की आबा शेजारच्या पातेल्यातून पळीभर मीठपाणी घेऊन सरळ कढईत सोडत.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना खरं वाटत नाही. उकळत्या तेलात पाणी? पण आमच्याकडचे वेफर्स असेच होतात. पाणी पडताच कढई चर्रर्र करून उसळते, वाफेचा पांढरा लोट लिंबाच्या फांद्यांपर्यंत जातो, पाणी निघून जातं आणि मीठ तेवढं चकत्यांना धरून राहतं. वरून भुरभुरवलेलं मीठ पुडीच्या तळाला जातं. हे जात नाही. बसमधले लोक खिडकीतून तो लोट बघत आणि मगच खाली उतरत.

सगळी मदार त्या मीठपाण्यावर. आबा पातेल्यात पाणी घेत आणि खडे मीठ मुठीनं टाकत. खडे मीठ सावकाश विरघळतं. त्यामुळे पाणी सकाळी एक असे आणि तासाभरानं दुसरं, वर एक आणि तळाशी दुसरं. म्हणून प्रत्येक घाण्याआधी आबा पातेलं ढवळत, तळहाताच्या खळग्यात थोडं पाणी घेत, जिभेनं टिपत, डोळे मिटत… आणि मग कधी अर्धी मूठ मीठ, कधी ओंजळभर पाणी. त्यांची जीभ चुकल्याचं मला आठवत नाही.

टिपून झाल्यावर हातात जे उरे, ते आबा पिऊन टाकत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की थुंकत का नाही, नाहीतर हात झटकत का नाही.

"मीठ थुकानी चीज नही शे, पोरी," ते म्हणाले होते. "सांडं ते देवना घर पापणीघाई येचनं पडस."

सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला सांगतात. बहुतेक मुलं मोठी झाल्यावर ते विसरतात. आबा विसरले नव्हते. आणि विसरले नव्हते म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मी नववीत असताना आबांच्या पायांना सूज यायला लागली. चपलेचा पट्टा आधी एका भोकानं सैल केला, मग तो लागेचना. संध्याकाळी ते पाय लांब करून बसत तेव्हा मी नडगीवर बोट दाबून बघत असे. कणकेच्या गोळ्यावर पडावा तसा खळगा पडे आणि भरून यायला वेळ लागे. मला आधी त्याची गंमत वाटत होती, हे मला लपवायचं नाही. मग सकाळी डोळ्यांखालीही सूज दिसायला लागली. डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि मूत्रपिंडं दमली आहेत असं सांगितलं. दमली आहेत — जशी काही थोड्या विश्रांतीनं बरी होतील. औषधं लिहून दिली आणि आईला बजावलं, "मीठ दिवसाला तीन ग्रॅम. म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडं जास्त. त्यातही स्वयंपाकातलं सगळं आलं. हे पाळलं नाही तर माझ्या औषधांचा उपयोग नाही."

आईनं ते अक्षरशः पाळलं. तिनं आबांसाठी वेगळी डाळ, वेगळी भाजी, वेगळी भाकरी सुरू केली, पापड-लोणचं फडताळात वर ठेवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत मीठ नसेल तर ती काय लागते हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. आबा ती पाण्याबरोबर गिळत. तक्रार करत नसत. फक्त जेवायला लागणारा वेळ वाढत चालला होता. आणि सूज उतरत नव्हती. प्रत्येक खेपेला डॉक्टर पायावर बोट दाबत, खळग्याकडे बघत, आणि विचारत, "वहिनी, मीठ कुठून जातंय?"

या प्रश्नानं आमचं घर आतून पोखरलं. आईला वाटे, आबा बाहेर काहीतरी खातात. स्टँडवर भजीची गाडी होती, शेवेची होती. ती आडून आडून विचारी, मग सरळ विचारी, मग भांडे.

"तिकडे कोणाकडे खाता तेवढं सांगा. मी काही जेल करणार नाही तुम्हाला."

"मी काई खात नही."

"मग हे पाय काय वाऱ्यानं सुजले?"

आबा पाय जवळ ओढून घेत. ज्या माणसानं एक दाणा चोरला नाही, त्याला रोज संध्याकाळी चोर ठरवलं जात होतं, आणि ठरवणारी त्याच्या जिवासाठीच ठरवत होती. त्या काळात आमच्या घरात अन्नाला चव नव्हती आणि बोलण्याला तर नाहीच नाही. वेफर्स तळताना दोघं शेजारी उभी असत, हात एकमेकांच्या हालचालीबरोबर चालत, आणि तोंडं बंद.

शाळेत त्या वर्षी द्रावणं आली. द्राव्य, द्रावक, द्रावण. संहत आणि विरल. आमचे सर फळ्यावर गणितं घालत — शंभर मिलिलिटर द्रावणात वीस ग्रॅम मीठ असेल, तर पाच मिलिलिटरमध्ये किती? मुलींना ते कंटाळवाणं वाटे. मला आवडे, कारण त्यात उत्तर एकच येई आणि ते कोणाच्या तोंडाकडे बघून बदलत नसे. मी एक ग्रॅम लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवताना माझ्या डोळ्यांसमोर आबांचा तळहात आला.

दिसायला रोजच दिसत होता. पण दिसणं आणि मोजणं यांत फरक असतो. आई स्वयंपाकघरातलं मीठ मोजत होती, डॉक्टर जेवणातलं विचारत होते. तळहातावरचं मीठ कोणाच्या हिशेबात नव्हतं, कारण ते खाणं नव्हतंच. ते काम होतं.

तर तो रविवार. सकाळीच मी पातेल्यातलं पाणी औषधाच्या झाकणानं मोजून घेतलं. झाकणावर दहा मिलिलिटरची रेघ होती. अशी दहा झाकणं एका ताटात ओतून ताट पत्र्यावर उन्हात ठेवलं. मार्चमधलं आमच्याकडचं ऊन, दुपारपर्यंत ताट कोरडं झालं आणि तळाशी पांढरे चौकोनी कण राहिले. ते खरवडून कागदात घेतले आणि समोरच्या किराणा दुकानात गेले. दुकान मारवाडी शेठजींचं होतं. त्यांच्याकडे वेलदोडे-केशरासाठी छोटा पितळी काटा होता.

शेठजींनी पुडी उघडली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. "हे तर मीठ आहे."

"हो. वजन करून पाहिजे."

"आमचंच मीठ आम्हालाच विकायला आणलंस का गं? आबाला म्हणावं, धंदा चांगला शोधला." पण त्यांनी काटा पुसला आणि नीट तोललं. वीस ग्रॅमचं वजन टाकल्यावर काटा सरळ उभा राहिला. पुस्तकातल्याच गणिताचा आकडा.

तळहात मोजायचा राहिला होता. झाकणाला दोन मिलिलिटरची रेघ नव्हती. म्हणून पाच घाण्यांना मी झाकण पुढे केलं; आबा आधी माझ्यासाठी तळहात भरून त्यात ओतत आणि मग स्वतःसाठी. पाचव्या खेपेला पाणी दहाच्या रेघेला टेकलं. म्हणजे एका खेपेला दोन. साठलेलं ते पाणी आबांनी झाकणातून परत पातेल्यात ओतलं आणि झाकण बोटानं पुसून घेतलं.

मी कोळशानं गाडीच्या फळीवर मांडलं. शंभरात वीस, म्हणजे दोनात शून्य पूर्णांक चार दशांश… दिवसाचे घाणे पंधरा. सहा ग्रॅम. डॉक्टरांनी पूर्ण दिवसाला दिलेल्या मिठाच्या दुप्पट, आणि तेही एक घास न खाता.

"आई," मी म्हटलं, "आबा बाहेर काही खात नाहीत."

आईनं फळीवरचे आकडे पाहिले. तिला गणित वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही, पण तिनं आबांचा हात धरला, उलटा केला आणि त्या पांढऱ्या रेघांकडे बघत राहिली. मग पदरानं तो तळहात पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच राहिली. आबा म्हणाले, "तेल तपनं," आणि हात सोडवून घेतला. माफीचा शब्द आमच्या घरात तेव्हाही उच्चारला गेला नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी आईनं स्वतःच्या ताटातही अळणी भाजी वाढून घेतली. त्यानंतर ती तेच खात राहिली.

पण कारण सापडणं म्हणजे उपाय सापडणं नव्हे. आबा थुंकायला तयार नव्हते. आम्ही वाटी ठेवली, कुल्ला करायला तांब्या ठेवला. त्यांनी एकदा प्रयत्न केला. तोंडातलं पाणी गालात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि गिळलं. मग बोटाचं टोक बुडवून बघितलं, त्यानं अंदाज येईना. दोन घाणे खारट गेले, एक अगदीच फिका. नेहमीचा एक कंडक्टर पुडी उघडून म्हणाला, "आबा, मीठ स्वस्त झालं वाटतं," आणि पुढच्या खेपेला त्याच्या बसमधलं कोणी उतरलं नाही. गाडी चालली नाही तर औषध कुठून येणार होतं, आणि गाडी चालवायची तर औषधावर पाणी पडत होतं.

तोड पुस्तकातच होती, आणि मी ती वाचूनही ओलांडून गेले होते. पाण्याची एक हद्द असते. शंभर ग्रॅम पाण्यात साधारण छत्तीस ग्रॅम मीठ विरघळतं. त्यापुढचं तळाशी बसून राहतं. अशा पाण्याला संपृक्त म्हणतात. तळाशी मीठ दिसतंय, तोवर वरच्या पाण्याची संहती तीच. चाखायची गरज नाही, डोळ्यांना दिसतं. शिवाय मिठाचं साखरेसारखं नसतं — ऊन तापलं की जास्त विरघळलं, थंडी पडली की कमी, असं फारसं होत नाही. आमच्या मे महिन्यात आणि डिसेंबरात जमीन-अस्मानाचा फरक, पण बरणीतलं पाणी जवळजवळ तेवढंच खारट.

मी लोणच्याची काचेची बरणी घासून आणली, पाणी भरलं, मीठ टाकत गेले, ढवळत गेले. आबा स्टुलावर बसून बघत होते.

"तुन्हं पुस्तक कढईजोडे बसस का कधी?"

"नाही बसत."

"मंग त्याले काय समजस?" पण बघत होते.

दुसऱ्या दिवशी तळाशी दोन बोटं मीठ तसंच पडून होतं. आबांनी स्वतः आणखी एक मूठ टाकली; त्यांना खात्री होती की जास्त मीठ म्हणजे जास्त खारट. ढवळलं, ठेवलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. थर एका मुठीनं वाढला होता, बाकी काही नाही. बरणी उन्हाकडे धरून ते कितीतरी वेळ त्या थराकडे पाहत राहिले.

"पाणीनं तोंड मिटी लिधं," ते म्हणाले.

एका घाण्याला किती, एवढंच ठरवायचं होतं. ते ठरवायला जीभ लागणारच होती. आबांनी दोन झाकणं टाकून एक वेफर खाल्ला, मान हलवली. चार टाकून खाल्ला, मान हलवली. तीन झाकणं टाकली, लोट वर गेला, वेफर तोंडात ठेवला… डोळे मिटले. ते डोळे उघडेपर्यंत आईनं पुढचं केळं सोललं नाही. "हाई बरोबर शे," ते म्हणाले. त्या दिवसानंतर आबांनी मीठपाणी चाखलं नाही. सवयीनं तळहात तोंडापर्यंत जाई, रिकामाच, आणि मग ते तो लेंग्याला पुसत.

सूज उतरली. चपलेचा पट्टा पुन्हा लागला. डॉक्टर आईला म्हणाले, "सापडलं का मीठ?" आणि आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. पण मूत्रपिंडाचं जे गेलं होतं, ते परत येणारं नव्हतं, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि ते गणित मला पुस्तकात कुठे सापडलं नाही.

दुसरंही एक झालं, जे मी मांडलं नव्हतं. तीन झाकणं टाकायला आबाच कशाला हवेत? पंधरा दिवसांत आई टाकायला लागली. सुट्टीच्या दिवशी मी टाकत असे. वेफर्स आबांच्या हातचे होते तसेच होत. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. आबा लिंबाखाली स्टुलावर बसून असत. तेलाचा आवाज बारीक झाला की त्यांची मान आपोआप वर होई, आणि आईनं झाकण उचललेलं असे.

"बठ्ठं झाकणनंच काम शे आते," एकदा ते हसून म्हणाले. हसले हे खरं. पण त्यानंतर ते स्टूल त्यांनी हळूहळू मागे सरकवत नेलं — आधी लिंबाच्या बुंध्यापाशी, मग कंपाउंडच्या भिंतीपाशी. आम्हाला वाटलं, सावलीसाठी.

मी बारावीत असताना त्यांना जळगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. उलट्या थांबत नव्हत्या, रक्तदाब खाली गेला होता. दंडाला सुई, वर लटकलेली बाटली, आणि बाटलीवर छापलेलं — मीठपाणी, शून्य पूर्णांक नऊ टक्के. अर्ध्या लिटरची बाटली. खाटेशी उभी राहून मी नको असताना हिशेब केला: साडेचार ग्रॅम. त्यांना दिवसाला परवानगी होती तीनची. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते तरुण होते, थकलेले होते. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण आता तो प्रश्न राहिलेला नाही."

मी परत आले. आई पायाशी बसली होती. आबा जागे होते, बाटलीकडे बघत होते.

"यामा मीठ शे का?"

"हो, आबा."

"कितलं?"

"लिटरला नऊ ग्रॅम."

 परिचारिका बाटली बदलायला आली. नळी काढताना चार थेंब त्यांच्या उताण्या तळहातावर पडले. ती कापसानं पुसणार, तेवढ्यात आबांनी हात उचलला, तोंडापाशी नेला, जिभेनं थेंब टिपले, आणि डोळे मिटले.

"फिकं शे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आईनं पुढे कितीतरी वर्षं त्या गाडीवर एकटीनं वेफर्स तळले. माझं शिक्षण, माझं लग्न त्यावर झालं; ते तीन झाकणांवर झालं म्हटलं तरी चालेल. आता आईही नाही. मी जळगावात, पिंप्राळ्याला राहते. ओट्यावर ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आहे, कारण मलाही आता डॉक्टरांनी मिठाचा आकडा दिला आहे. बरणी माझ्याकडे आली. तिच्या तोंडाशी मिठाची पांढरी कड चढत येते, ती मी पुसते, पाणी कमी झालं की पाणी घालते, तळाचा थर दिसेनासा होऊ देत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळीचं ताट मांडतात, चुलीतल्या निखाऱ्यावर पहिला घास टाकतात. त्या स्वयंपाकाची चव आधी घ्यायची नसते. पितरांच्या आधी जिभेला लावायचं नाही. शेजारच्या बायका म्हणतात, मीठ कमी-जास्त होईल याची धाकधूक वाटते. मला वाटत नाही. पुरणपोळीशेजारी मी एक वाटी वेफर्स ठेवते, एवढ्यासाठी एक घाणा घरी तळते. लोट छतापर्यंत जातो, घरातले खिडक्या उघडतात.

यंदाही दिलं. एका घाण्याला तीन झाकणं, पूर्ण मापानं, आबांना. निखाऱ्यावर वेफर काळा पडेपर्यंत मी तिथे बसून होते. बरोबर झालं होतं की नाही, ते मी चाखून पाहिलं नाही.